पुंगळी, टोपी, दारू, गोळी

बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत बंदुकीचा विषय निघतो तो बहुधा रानडुकरांवरून. एका रात्रीत कळप येतो आणि वावरातल्या सोयाबीनचं मातेरं करून जातो. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्याच्या घरी एखादी बारा बोअर असते, नाहीतर आजोबांच्या वेळची ठासणीची. ठासणीत दारू ओतायची, वर बोळा कोंबायचा, मग छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं आणि टोपी चढवायची. दारू किती? अंदाजानं. वीस पावलांवरच्या डुकराला अंदाज पुरतो. पण ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं असतं. तिथे अंदाजाचा काही उपयोग नाही.

अंदाज हद्दपार करण्यासाठीच अमेरिका-युरोपातले हौशी नेमबाज आपली काडतुसं घरी स्वतः भरतात. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तिघांचं काम संपतं, पुंगळी तेवढी शिल्लक राहते. नेमकी तीच सगळ्यांत महाग, त्यामुळे ती फेकून देणं कोणाच्याही जिवावर येतं. या छंदाचा उगम काटकसरीत आहे. अचूकतेचं वेड मागाहून जडलं. आज त्यातल्या यंत्रांवर आणि काट्यांवर होणारा खर्च पाहिला की काटकसरीचं नाव न काढलेलंच बरं.

काम वरवर सोपं दिसतं. बार उडताना पुंगळीत साधारण 4,000 वातावरणांइतका दाब तयार होतो आणि ती फुगून रायफलच्या चेंबरला चिकटते. ती आधी साफ करायची, कुठे तडा गेलाय का ते भिंगातून पाहायचं. मग हातदाब्याच्या पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची. त्याच दाबात जळकी टोपी खाली पडते. पितळ प्रत्येक वेळी थोडं पुढे सरकतं, म्हणून वाढलेली लांबी छाटायची. नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, गोळी ठरल्या खोलीवर दाबायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, गुंजेच्या अर्ध्याहून किंचित जास्त, आणि इथला हिशोब ग्रेनच्याही दहाव्या भागाचा. खामगावच्या चांदीबाजारातला सराफ जसा काट्याला वारा लागू नये म्हणून पंखा बंद करतो, तसाच काडतूस भरणारा मोजायला बसला की पंखा बंद करतो.

एवढा आटापिटा जोरदार काडतुसासाठी नसतो. नवशिक्याची पहिली चूक तीच. दारू वाढवली की नेम सुधारतो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात नळी फुटण्याचा धोका तेवढा वाढतो. मुरलेल्याला हवं असतं ते एवढंच, की पन्नासावं काडतूस पहिल्यासारखं वागावं. हजार मीटरवरच्या लक्ष्यावर दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर त्या वीतभर तरी वर-खाली लागतात. म्हणून अनुभवी माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो, वहीत नोंदतो, शेजाऱ्याचं माप कधी उचलत नाही, आणि टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवतो.

गंमत म्हणजे कमी अंतराच्या बेंचरेस्ट स्पर्धेतले, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणारे, जगातले सगळ्यांत अचूक नेमबाज दारू बहुतेक वेळा तोलत नाहीत. मैदानावरच दोन फेऱ्यांच्या मधे, गोल फिरणाऱ्या मापाने ओतून ते काडतुसं भरतात. त्यांच्या मते पुंगळी आणि गोळी निर्दोष असेल तर तेवढं पुरतं. काट्याची पूजा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

उंद्रीतल्या, चिखलीतल्या किंवा पुण्यातल्याही एखाद्या तरुणाने हे वाचून हातदाबा मागवायचं मनात आणलं असेल, तर थांबावं. 1959च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा ‘दारूगोळा’ या सदरातच मोडतात. शस्त्राचा परवाना खिशात आहे म्हणून घरी काडतूस भरता येईल, असं समजू नये.

आपल्याकडे हे काम कारखाने करतात. उंद्रीहून खामगावला उतरून महामार्गाने नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर असं गेलं की भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागतं. तिथला आयुधनिर्माणी कारखाना 1964चा, चीन युद्धानंतरच्या घाईत उभा राहिलेला. लष्कराच्या रायफलींची 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसं तिथे होतात. त्यांच्या बुडावर ओएफव्ही ही अक्षरं असतात. त्याहून जुना खडकीचा, 1869चा. त्याची खूण केएफ. ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. हौशी माणूस संध्याकाळभर जे पन्नास काडतुसांसाठी करतो, तेच इथे अखंड चालतं: पितळ ओढणं, तापवून मऊ करणं, छाटणं, भरणं, मापणं.

खडकीच्या जुन्या .303 काडतुसाची रिकामी पुंगळी हाती आली तर आत डोकावून पाहावं. बुडाशी दोन बारीक भोकं दिसतील. ही टोपी बसवायची बर्डनची रचना. बॉक्सरच्या रचनेत मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे सळई घालून जळकी टोपी सहज बाहेर ढकलता येते. म्हणून हौशी लोकांना बॉक्सरच लागते. बॉक्सर इंग्रज लष्करी अधिकारी, बर्डन अमेरिकन. अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि ब्रिटिश लष्कराच्या .303ने अमेरिकनाची.

पितळाच्या गोष्टीत हिंदुस्थानचा मान मोठा आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत, आणि न वापरताच त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. कोडं बरीच वर्षं सुटलं नाही. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: थंड अवस्थेत ओढलेल्या पितळात ताण अडकून राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्याच ताणावर घाव घालतो. पुंगळी योग्य तापमानाला तापवली की ताण सुटतो आणि तडे थांबतात. मानेशी पितळ तापवून मऊ करण्याची जी पायरी आजचे हौशी लोक इतक्या निष्ठेने पाळतात, ती त्याच धातुशास्त्रातली. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत हा इशाराही त्याच पागेतून आलेला.

दारूचा स्वभावही हवामानाने बदलतो. धूर न करणारी आधुनिक दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि तापली की जास्त वेगाने जळते. डिसेंबरच्या थंडीत बेताचं ठरलेलं माप मे महिन्यात खामगावच्या उन्हात गाडीत तापलं, तर तेच धोक्याचं होऊ शकतं. फिनलंडमध्ये बसून लिहिलेल्या मापांच्या पुस्तकावर विदर्भात डोळे झाकून विश्वास ठेवणं म्हणूनच बरं नाही.

आता खरी मेख. मराठी नेमबाजांनी ज्या प्रकारात नाव काढलं, त्यात काडतूस पुन्हा भरताच येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतलं. हे प्रकार .22 रिमफायर काडतुसाचे. त्याला वेगळी टोपी नसते; आघाताने पेटणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं. घोड्याची सुई तो काठ चेचते, आणि पुंगळी कायमची बाद होते.

मग नेमबाज निवड करतो. इंग्लंडची एली, लापुआ अशा मोजक्या कंपन्यांचीच काडतुसं या स्तरावर चालतात, आणि एकाच खोक्यावरच्या नावाखाली प्रत्येक उत्पादन-गटाचा, म्हणजे लॉटचा, स्वभाव निराळा निघतो. नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जातो. रायफल शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास, नाडी यांचा हिशोबच उरत नाही. मग एकेका लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर मारून कोणत्या लॉटची भोकं सगळ्यांत जवळ पडतात ते पाहतात. एकाच्या नळीला मानवलेला लॉट दुसऱ्याच्या नळीत नुसता वाया जातो. जमलेला लॉट जेवढा परवडेल तेवढा उचलायचा. तो संपला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

उंद्रीत बसून अशा निवडीची सुरुवात करायची तर .177ची, म्हणजे 4.5 मिलिमीटरची एअर रायफल बरी. दारूचा प्रश्न नाही आणि 20 ज्यूलच्या आतल्या शक्तीला शस्त्रपरवानाही लागत नाही. शिशाच्या छर्ऱ्यांचे डबे 4.49, 4.50 असे डोक्याच्या मापाने मिळतात. दोन मापांचे डबे आणायचे, रायफल पक्की टेकवायची, दहा मीटरवर कागद लावायचा आणि प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे मारून भोकांचा घेर मोजून वहीत लिहायचा.