जुन्या पिकअपची टाकी

टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल बाजारात आणली. तिच्या कुळातल्या २०७ पिकअप आणि महिंद्राच्या त्या काळच्या पिकअप आजही तालुक्याच्या गावांतून भाजी, पशुखाद्य, मंडपाचं सामान वाहताना दिसतात. त्यांचे पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेक लायनर मिळतात, कारण ते वारंवार झिजतात आणि म्हणून दुकानदार ते ठेवतो. डिझेलच्या टाकीचं तसं नाही. ती क्वचितच विकली जाते, दुकानात जागा भरपूर अडवते आणि मॉडेलगणिक तिचा आकार, पट्ट्यांची जागा, नळ्यांची तोंडं बदलतात. त्यामुळे गाडीखाली डिझेलचा डाग दिसू लागला की मालक जुन्या मालाच्या बाजाराची वाट धरतो. मुंबईत कुर्ल्याला जातो, पुण्यात जुन्या बाजारात. इतर बऱ्याच भागांसाठी ही वाट योग्यच आहे. टाकीसाठी मात्र ती सगळ्यात शेवटी धरावी असं मला वाटतं. पहिला हक्क गाडीच्या स्वतःच्या टाकीचा, ती वाचण्यासारखी नसेल तर नव्या पत्र्याची, आणि दोन्ही जमत नसेल तरच दुसऱ्या गाडीची उतरवलेली.

याचं कारण टाकी सडते कशी, त्यात आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. झाकणाचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत जातं, अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतल्या वाफेचं पाणी होतं, कधी पंपावरूनच थोडं पाणी येतं. हे सगळं पाणी तळाशी बसतं. इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी तळापासून थोडी वर ठेवलेली असते, म्हणजे गाळ ओढला जाऊ नये. पण त्याच सोयीमुळे तळाचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या आम्लाने पत्रा खालून पोखरला जातो. बाहेरून दुसरा हल्ला चालू असतो. टाकी चेसिसला बांधणाऱ्या पट्ट्यांखाली रबर किंवा नमदा असतो, त्यात चिखल अडकतो आणि तो वाळतच नाही. पट्टा सोडवला की त्याखाली नेमका पट्ट्याच्याच रुंदीचा तपकिरी, पापुद्रे सुटलेला पत्रा दिसतो. पट्टा सोडेपर्यंत मात्र तो कुणाच्याही नजरेस पडत नाही.

भंगारातल्या टाकीची खरी अडचण हीच आहे. क्लच प्लेट हातात घेतली की तिची झीज दिसते. टाकीचा आजार आत असतो, आणि गाडीतून उतरवल्यावर ती रिकामी पडून राहिल्याने तो आणखी वाढतो. डिझेलचा थर होता तोवर पत्र्याला थोडं तरी संरक्षण होतं. ‘पण तो कंपनीचा पत्रा आहे, आजच्या स्थानिक मालापेक्षा जाड आणि चांगला,’ असं म्हणणारे म्हणतात, आणि बनवतानाच्या दर्जाबद्दल ते बरोबर आहेत. त्या काळच्या टाक्यांच्या पत्र्यावर बहुधा शिसं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा लेप असे, तो गंजाला चांगला रोखी. पण लेप एकदा उडाला की पत्रा उघडा पडतो, आणि तो उडाला आहे की नाही हे बाहेरचा रंग सांगत नाही. तरीही घ्यायचीच असेल तर डिझेलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकून तळ बघावा. तळ एकसारखा राखाडी दिसला तर विचार करावा. लालसर भुकटी दिसली तर टाकी फुकट मिळाली तरी ती महाग पडेल. इंजिनाच्या इंधनपंपातला प्लंजर आणि त्याचं घर यांत फट असते अवघ्या दोन-चार मायक्रॉनची. गंजाची भुकटी फिल्टर तुंबवते, आणि जी त्यातून निसटते ती या फटीत घासते. टाकीत वाचवलेले पैसे मग पंपाच्या कॅलिब्रेशनवाल्याकडे जातात.

म्हणून आधी स्वतःच्या टाकीकडे बघावं. तिच्या बाजू आणि माथा घट्ट असेल, भोक तळाच्या एका कोपऱ्यात असेल, तर रेडिएटरचं काम करणारा कारागीर ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, सडका भाग कापून नवा तुकडा बसवू शकतो. वेल्डिंग धोकादायक आहे हा आक्षेप अगदी खरा आहे, तो हलका घेऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीला पेट घेते, आणि डिझेल थंडपणी निरुपद्रवी वाटलं तरी ज्योतीने तापलेल्या सांध्यातला अवशेष वाफ सोडतोच. नुसतं विसळून भागत नाही. टाकी धुऊन, डागण्याच्या जागेपर्यंत पाण्याने भरून किंवा आत कार्बन डायऑक्साइड सोडूनच काम व्हावं. हे करायला तयार नसलेल्या कारागिराकडे टाकी देऊच नये. तपासणीही हलक्या हाताने करावी: सगळी तोंडं बंद करून तीन-चार पीएसआय हवा आणि सांध्यांवर साबणाचा फेस. जास्त दाब दिला तर टाकी फुगून तिचे सांधे उसवतात.

पत्रा सगळीकडून गेला असेल तर नवी बनवून घेणं उत्तम. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी जुनी टाकी नमुना म्हणून दिली की तशी दुसरी घडवणारे हात आहेत. इथे एक चूक मात्र चांगल्या हेतूने होते. गंजू नये म्हणून जी.आय., म्हणजे जस्ताचा लेप दिलेला, पत्रा वापरतात. जस्ताची डिझेलशी प्रतिक्रिया होऊन चिकट साका तयार होतो, तो फिल्टरला जाऊन बसतो. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा, साधा सी.आर. पत्रा बरा, ऐपत असेल तर स्टेनलेस. आतल्या आडव्या पट्ट्या वगळू देऊ नयेत. त्या नसल्या तर वळणावर डिझेल एका बाजूला धावतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं.

‘टपावर वीस लिटरचा कॅन बांधला तरी गाडी चालते,’ हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. चालते, दोन दिवस. इंजिनातून परत येणारं डिझेल गरम असतं, त्यासाठी वेगळी नळी लागते. श्वासाची वाट नसेल तर आत निर्वात तयार होऊन इंजिन गुदमरतं. आणि अपघातात कॅन आधी फुटतो. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं, तिथेही असा कॅन टिकत नाही. इतकी जुनी गाडी सरळ मोडीत का काढू नये, हा प्रश्न जास्त वजनदार आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या धोरणाने तशी अधिकृत वाट दिलीच आहे. चेसिसच गंजलं असेल, इंजिन काळा धूर ओकत असेल, तर टाकीवर खर्च करू नये, गाडी मोडीत द्यावी. पण चेसिस धड आहे, इंजिन नीट आहे, फक्त टाकी गेली आहे, अशा गाडीचं आयुष्य एका पत्र्याच्या पेटीने ठरवायचं कारण नाही. ती ज्याचं पोट भरते त्याला नव्या गाडीचा हप्ता परवडेलच असं नाही.

कोणतीही टाकी आली तरी जुना फ्लोट, तळाची जाळी, ब्रीदर आणि पट्टे जपून ठेवावेत. टाकी एक वेळ बनवता येते, पण डॅशबोर्डवरच्या काट्याशी जुळणारा फ्लोट मिळवणं अनेकदा टाकी मिळवण्याहून कठीण जातं. वेगळ्या मॉडेलचा फ्लोट बसवला तर प्रतिरोध जुळत नाही आणि काटा अर्धी टाकी दाखवत असताना गाडी घाटात बंद पडते. रबर मात्र नवंच घालावं, पट्ट्याखाली गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत, आणि पहिल्या दोन टाक्या संपल्या की डिझेल फिल्टर बदलावा. धुण्यातून आणि वेल्डिंगमधून राहिलेली धूळ तोवर सगळी तिथे येऊन जमलेली असते.