पुरवठ्याची साखळी (लेखांक 7) : दोन नावं, मूळ एकच

मागच्या लेखांकात आपण 1997 सालच्या फेब्रुवारीतली जपानमधल्या आयसिन कारखान्याची आग पाहिली. ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ पूर्णपणे तिथूनच मिळायचा. तो कारखाना जळाला आणि टोयोटाच्या गाड्यांचं उत्पादन थांबलं. मग कुणीही म्हणेल, एकाऐवजी दोन पुरवठादार ठेवावेत. पण दोन ठेवूनही कारखाना अडू शकतो, हे 2011 सालच्या एका रंगावरून कळतं.

त्या वर्षी 11 मार्चला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथे जर्मनीच्या मर्क कंपनीचा कारखाना होता. तिथे झिरॅलिक नावाचं रंगद्रव्य तयार व्हायचं: ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म चकत्यांवर धातूच्या ऑक्साइडचा थर. उन्हात उभ्या गाडीच्या रंगात जी बारीक चमक दिसते, ती यातून येते. ते बनवणारा कारखाना जगात हा एकच होता. तो बंद पडल्यावर काही आठवड्यांतच अमेरिकेत फोर्डनं आपल्या डीलरांना ‘टक्सेडो ब्लॅक’ आणि काही लाल छटांच्या ऑर्डरी घेऊ नका असं कळवलं. क्रायस्लरलाही रंग आवरते घ्यावे लागले. मोटारींचा रंग बनवणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक होत्या, पण चमक हवी तर त्या सगळ्यांना ओनाहामाच गाठावं लागे. मोटार कंपन्यांच्या खरेदीच्या यादीत ओनाहामाचं नाव असायचं काही कारणच नव्हतं, कारण ते पुरवठादाराच्या पुरवठादाराचं गाव. मेमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. पुढे मर्कनं हे उत्पादन जर्मनीतल्या गर्न्सहाइमलाही करायचं ठरवलं.

आपल्याकडे हेच रस्त्यामुळे घडतं. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. समजा, पुण्यातल्या एखाद्या कारखान्याचे दोन कास्टिंगवाले आहेत आणि दोघेही गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले. मालक वेगळे, भट्ट्या वेगळ्या, दरपत्रकं वेगळी. पण दोघांचेही ट्रक पंचगंगा ओलांडूनच पुण्याला यायचे. दोन्ही भट्ट्या पेटलेल्या असल्या, तरी चाकणच्या लाइनवर माल पोचणार नाही.

म्हणून खरेदी विभागानं पुरवठादार मोजत बसू नये, असं मला कळकळीनं वाटतं. विचारायचं ते हे: तुमचा कच्चा माल कुणाकडून येतो, वीज कुठून, ट्रक कोणत्या रस्त्यानं? एवढं सांगायला पुरवठादार बऱ्याचदा कचरतात, आपला माणूस गिऱ्हाइकाला दाखवला तर धंदा जाईल ही त्यांची भीती खरी असते. ती दराच्या घासाघिशीत नव्हे, लांबच्या करारातून जाते.

दुसऱ्या पुरवठादारालाही दरमहा थोडं तरी काम द्यावं लागतं. माल विभागला की नगामागे दर चढतो, तो सोसायला हवा. फाउंड्रीत तर याहून साधी गोष्ट अडवते. कास्टिंगचा साचा ज्या पॅटर्नवरून घेतात, तो पॅटर्न बहुधा गिऱ्हाइकाच्याच मालकीचा असतो आणि पुष्कळदा एकच असतो. तो पहिल्या फाउंड्रीत पडून असेल आणि पाणी आत शिरलं असेल, तर दुसऱ्या फाउंड्रीकडे भट्टी असते, वाळू असते, माणसं असतात. फक्त पॅटर्न नसतो.