विमान तिरकं होऊन का उतरतं? छोट्या विमानांची 'स्लिप' नेमकी काय असते?

छोट्या विमानाच्या लँडिंगचा असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. धावपट्टी समोर आहे, पण विमानाचं नाक भलतीकडेच वळलंय. एक पंख खाली झुकलाय आणि विमान कुशीवर घसरल्यासारखं खाली येतंय. खाली कमेंट्समध्ये 'पायलट शिकाऊ दिसतोय'पासून 'देव तारी त्याला कोण मारी'पर्यंत सगळं.

बहुतेक वेळा त्या पायलटचं काहीच चुकलेलं नसतं. तो विमान मुद्दाम वाकडं धरून उतरवत असतो. या तंत्राला 'स्लिप' म्हणतात आणि छोटी विमानं उडवायला शिकणाऱ्यांना ते शिकवलं जातं.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या लोकांना हे दृश्य डोक्यावर दिसत नाही. चाकण-राजगुरुनगर भागातल्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि प्रकल्प शेवटी पुरंदरकडे गेला. छोटी विमानं बघायची तर बारामती, जिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. बिनइंजिनाची बघायची तर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. आणि तिथल्या उड्डाणांची बातमी होते तीही काही बिघडलं तरच. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत प्रशिक्षणाचं छोटं विमान शेतात कोसळलं. शिकाऊ वैमानिक जखमी झाली, पण वाचली. रोज सुखरूप होणाऱ्या लँडिंगमागे काय हिशेब असतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

उंची जास्त झाली तर बिघडतं काय?

चाकणहून माल भरून निघालेला ट्रक बोरघाट उतरतो तेव्हा ड्रायव्हर गाडी न्यूट्रलवर सोडत नाही. तो खालचा गिअर टाकतो. कारण उतारावर कमी होणारी उंची कुठेतरी जाणारच. तिला अडवलं नाही तर ती वेगाच्या रूपाने समोर येते.

विमानाचंही तेच. धावपट्टी जवळ आली आणि विमान अजून वरच आहे, तर पहिला विचार येतो नाक खाली करण्याचा. तसं केलं की उंची घटते, पण वेग वाढतो. ताशी १२० किलोमीटरने येणाऱ्या विमानाने जास्तीची फक्त १०० फूट उंची अशी वेगात बदलली, तर हवेचा विरोध न धरता त्याचा वेग १५० च्या जवळ पोचतो. एवढा वेग असताना विमान टेकायलाच तयार नसतं. ते धावपट्टीवर तरंगत राहतं आणि खालची धावपट्टी संपत जाते. विमानाला ब्रेक असतात, पण ते चाकांना. हवेत त्यांचा उपयोग शून्य.

म्हणजे वेग न वाढवता उंची घालवायची आहे. त्यासाठी हवेचा विरोध वाढवावा लागतो आणि स्लिप नेमकं तेच करते.

मग पायलट करतो काय?

आधी इंजिनाची ताकद कमी करतो. मग स्टिअरिंग किंवा दांडी एका बाजूला, समजा डावीकडे, वळवून डावा पंख खाली झुकवतो. एवढंच केलं तर विमान डावीकडे वळेल. ते वळू नये म्हणून पायाने उजवा रडर दाबतो. रडर म्हणजे शेपटीवरची उभी हलती फळी. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. एरवी सफाईदार उड्डाणात हात आणि पाय एकाच बाजूला चालतात, इथे ते मुद्दाम एकमेकांविरुद्ध लावलेले असतात.

परिणाम असा की नाक उजवीकडे वळतं, पण विमान धावपट्टीच्या दिशेनेच जात राहतं. एरवी नाकाने हवा कापणारं विमान आता आपली अख्खी कूस हवेपुढे धरतं. चालत्या दुचाकीवर हातातला पुठ्ठा कडेने धरा आणि मग आडवा करा. हाताला जो फरक कळतो तोच हा. विरोध वाढतो, विमान जास्त तीव्र उताराने खाली येतं आणि वेग जवळपास तेवढाच राहतो. हवी तेवढी उंची गेली की रडर सोडायचा, पंख सरळ करायचे, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. आत बसलेल्याला मात्र सीटवरून एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं. प्रवासी विमानांत हे सहसा दिसत नाही, त्याचं हे एक कारण.

ही झाली 'फॉरवर्ड स्लिप'. तिची बहीण 'साइडस्लिप'. तिच्यात नाक धावपट्टीच्या रेषेतच असतं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवलेला असतो, म्हणजे आडवा वारा विमानाला बाजूला ढकलत नाही. मोठी विमानं जोरदार वाऱ्यात तिरकी येताना दिसतात, तो बहुतेक वेळा तिसराच प्रकार असतो, 'क्रॅब'. त्यात पंख समतल असतात, फक्त नाक वाऱ्याकडे वळवलेलं असतं. व्हिडिओ पाहताना पंखाकडे बघितलं की फरक लगेच कळतो.

फ्लॅप असताना याची गरज काय?

आजच्या विमानांच्या पंखांना मागे फ्लॅप असतात. ते खाली सोडले की विरोध वाढतो. पण जुन्या टायगर मॉथसारख्या विमानांना फ्लॅपच नव्हते. त्यामुळे उंची घालवायला स्लिप हे नेहमीचं साधन होतं. उत्पादकांनी इतरही युक्त्या केल्या. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, ते पुस मॉथ विमानातून. या विमानाच्या चाकांच्या दांड्यांवरची रुंद आवरणं ९० अंशांत फिरवता यायची. आडवी केली की तीच हवेतला ब्रेक व्हायची! ज्या पिंपरीत टाटा म्हटलं की ट्रक आठवतो, तिथे ही गोष्ट माहीत असायला हरकत नाही.

फ्लॅप चालतच नसतील तेव्हा काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१,००० फुटांवर असताना संपलं. कारण हास्यास्पद वाटेल असं होतं: इंधन मोजताना किलो आणि पौंड यांची गल्लत झाली आणि टाकीत हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन पडलं. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी विमान गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीकडे वळवलं. जवळ आल्यावर लक्षात आलं की विमान फार उंच आहे. फ्लॅप नाहीत. फेरी मारून परत यायला इंजिन नाही. पिअर्सन ग्लायडरही उडवत. त्यांनी त्या अजस्र जेटला चक्क स्लिपमध्ये टाकलं. खाली धावपट्टीवर त्या दिवशी मोटार शर्यतीचा कार्यक्रम होता आणि कुटुंबं जमली होती. पुढचं चाक मोडलं, विमान नाकावर घासत थांबलं, पण ६९ पैकी एकाचाही जीव गेला नाही. ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत सेवेत राहिलं.

इंजिन नसताना उंची ही एकच शिल्लक असते. जास्त असेल तर घालवता येते, कमी पडली तर कुठून आणणार? म्हणून इंजिन बंद पडल्यावर थोडं उंच राहून यायचं आणि शेवटी स्लिपने जादा उंची टाकायची, हा हिशेब पायलटच्या डोक्यात असतो.

धोका कुठे आहे?

स्लिप करताना वेगावर लक्ष हवंच. कारण हवा तिरकी येत असल्याने काही विमानांत वेगमापक चुकीचा आकडा दाखवतो. टाकीत इंधन कमी असेल तर ते एका बाजूला सरकून इंजिनापर्यंत पोचण्यात अडचण येऊ शकते. सेस्ना १७२ या लोकप्रिय विमानाच्या काही मॉडेल्सवर तर फ्लॅप सोडलेले असताना स्लिप टाळा, अशी सूचनाच लिहिलेली असते. त्या स्थितीत शेपटीवरचा हवेचा प्रवाह बिघडून नाक वरखाली होऊ शकतं.

सगळ्यात घातक असते स्लिपची उलटी बाजू, 'स्किड'. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना विमान रेषेबाहेर जातंय असं वाटलं, की घाईत वळणाच्याच बाजूचा रडर जास्त दाबला जातो. वेग कमी असेल तर आतला पंख आधी उचल गमावतो आणि विमान गिरकी घेतं. त्या उंचीवर सावरायला जागा नसते.

म्हणूनच इंजिन चालू असेल तर प्रशिक्षकांचं पहिलं सांगणं सोपं असतं: जमत नाही असं वाटलं की पूर्ण ताकद द्या, वर जा, फेरी मारून पुन्हा या.