वाकळ सुटली, क्रोशा धरला

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मराठवाड्यात घरोघर 'दसरा काढतात'. घर झाडून-सारवून होते आणि सगळे अंथरूण-पांघरूण धुवायला बाहेर पडते. नांदेडकडे गोदावरीचा घाट, लातूरकडे मांजरा-तेरणेचा काठ, नाही तर शेतातली विहीर. या धुण्यातले सर्वांत अवघड काम वाकळीचे. भिजलेली वाकळ एकटीच्याने उचलवत नाही. दोघी दोन टोकांना धरून ती पिळतात आणि वाळायला तिला दोन दिवस लागतात.

अलीकडे या ढिगात वाकळा कमी आणि चादरी, ब्लँकेटे जास्त दिसतात. त्याच वेळी उंबऱ्यापाशी एक नवी वस्तू आली आहे: जुन्या चादरीच्या पट्ट्या क्रोशाने विणून केलेले गोल पायपुसणे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो कापसातून जातो.

वाकळ म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर. वरचा आणि खालचा थर धड कापडाचा, मधल्या पोटात वाटेल ती धुडकी. जमिनीवर पसरून चारी कडा टाचायच्या आणि मग धावदोरा घालत कडेकडून आत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जायचे. उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावली की चार बायका चार बाजूंना बसत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक केले आहे. पण ज्या घरांत त्या शिवल्या गेल्या तिथे त्यांना कलाकृती वगैरे कोणी म्हटले नाही. थंडी वाजते म्हणून शिवली, एवढाच हिशोब.

या कामाला नऊवारी सुती लुगडे लागते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले, सुई सहज आरपार जाणारे. तेच आटले. गेल्या काही दशकांत खेड्यापाड्यांत पाचवारी सिंथेटिक साडी रुळली. ती स्वस्त, धुवायला हलकी, लवकर वाळणारी. बायकांनी ती नेसली यात गैर काही नाही. पण तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि घाम शोषत नाहीत. नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

विरोधाभास असा की हा मुलूख कापसाचा. नांदेडच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'नांदेड-४४' हे संकरित वाण ऐंशीच्या दशकापासून दूरदूर पेरले गेले. निजाम उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानशाही मिल याच शहरात कापड काढत होती. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नांदेड टेक्सटाईल मिल झाली आणि बंद पडली. कापूस शेतातून जिनिंगला आणि तिथून गाठी बांधून बाहेर जात राहिला. घरात मात्र जुने सुती कापड शोधावे लागू लागले.

मग शेवटचे सुती उरले ते पलंगावर. चादर. पण ती जाड विणीची, तिचे चार-पाच थर केले तर हातसुई अडते. फाडली तर मात्र सरळ रेषेत सुरेख फाटते. वाकळीला नडणारा जाडपणा पट्टीला बळ देतो.

पट्टी विणायला क्रोशा लागतो, आणि तो आपल्याकडचा नव्हे. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे १८४४च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने बायकांना लेसकाम शिकवले असे सांगतात. मारिया मीस यांनी १९८२मध्ये त्या लेसवालींच्या अपुऱ्या मजुरीवर पुस्तक लिहिले. नांदेडच्या घाटावरून वाहणारे पाणी त्याच नदीने समुद्राला जाते. क्रोशा मात्र उलट्या दिशेने नदीकाठाने चढत आला असे मी म्हणणार नाही. मराठी घरांत तो शिवणाच्या वर्गांतून, मासिकांतल्या नमुन्यांतून आला आणि बराच काळ तोरण, रुमाल, टीव्हीवरचे झाकण यांतच अडकला. चिंध्यांनी त्याला कामाला लावले.

आता प्रत्यक्ष काम. एकेरी पलंगाची साधारण ६० बाय ९० इंचांची चादर घ्या. कडा उसवून टाका. लांबीच्या दिशेने दोन-दोन इंचांच्या पट्ट्या फाडल्या तर ३० निघतात. एकीला एक जोडून सव्वादोनशे फूट. फाडताना तंतूंची धूळ उडते, नाकाला पदर हवाच. जोडायला सुईदोरा नको: दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना कात्रीने बारीक चीर द्यायची, एक टोक दुसऱ्यावर ठेवून चिरा जुळवायच्या आणि वरच्या पट्टीचे मोकळे शेपूट खालून दोन्ही चिरांतून ओढून घ्यायचे. गाठ दिली तर ती पायाला टोचते. सगळ्याचा गुंडा करायचा.

क्रोशाची सुई दहा-बारा मिलिमीटर जाडीची. नसली तर बोटांनीही टाके ओढता येतात, फक्त वीण सैल पडते. चार साखळ्यांचे कडे करून त्यात आठ मुके खांब. दुसऱ्या फेरीत सोळा, तिसरीत चोवीस, चौथीत बत्तीस. दर फेरीला आठ वाढवायचे, तेही सगळीकडे सारख्या अंतराने. यामागे शुद्ध भूमिती आहे. फेरी जितकी बाहेर सरकते त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. टाका उंचीपेक्षा किंचित अरुंद पडला की ती वाढ सात-आठ टाक्यांत भरून निघते. टाके कमी वाढले तर विणकाम वाटीसारखे वर उचलते, जास्त वाढले तर कडेला झालर येते. शाळेत परिघाचे सूत्र घोकून विसरलेल्या बायका हे हाताने बरोबर ओळखतात आणि चुकलेली फेरी निमूट उसवतात. लांबट हवे असेल तर कड्याऐवजी लांब साखळी घालून तिच्याभोवती फिरायचे.

अमेरिकेतही चिंध्यांचे क्रोशाचे गालिचे होत. जपानच्या थंड उत्तरेत कापूस पिकत नसल्याने जुन्या सुती कपड्यांच्या पट्ट्या मागावर पुन्हा विणत, त्याला 'साकिओरी' म्हणतात. तिथे टंचाईने जे केले ते कापूसवाल्या मराठवाड्यात सुती चिंधीच्या टंचाईने व्हावे, हे मला जास्त बोचते.

पूर्वी जुने कपडे बोहारणीकडे जात, बदल्यात पातेले किंवा तांब्या येई. तिची नजर नेहमी धड कापडावर, जरीवर; विटलेली चादर ती बाजूला सारायची. म्हणजे पायपुसण्याचा कच्चा माल फुकटचा, पण मेहनत फुकटची नाही. बचत गटांच्या विक्रीत ही पायपुसणी कारखान्याच्या छापील मॅटशेजारी बसतात आणि गिऱ्हाईक दोन्हींचा एकच भाव धरते. वाकळ सहसा विकायची वस्तू नव्हती, त्यामुळे तिच्यावर ही वेळ फार आली नाही.

दुसरा हिशोब पाण्याचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, आणि पुढे काही महिने येत राहिले. ज्या घरात घागर मोजून पाणी, तिथे वाकळ कशी धुणार? पायपुसणे मात्र कपडे धुतलेल्या उरल्या पाण्यात, एका बादलीत निघते. मोठे विणण्याचा मोह झाला तरी दाराच्या रुंदीवर थांबावे, हे त्यासाठीच.

आता चादरीही बदलत आहेत. लग्नात आहेर म्हणून येणाऱ्या, 'ग्लेस कॉटन' असे गोड नाव लावलेल्या कितीतरी चादरी पॉलिएस्टरच्या असतात. फाडण्याआधी कडेचा एक दोरा ओढून काडी लावून पाहावी. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. आकसून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. त्याचे पायपुसणे दिसायला रंगीत होते, पाणी मात्र पुसत नाही. अशा चादरीच्या पट्ट्या चुलीजवळ नकोतच. भाजीची पिशवी विणायला त्या बऱ्या, ओझ्याने तुटत नाहीत.