स्वतःचीच वाट अडवणारे झाड

पिवळे पडलेले पान पाहिले, की संत्राबागायतदार आधी जस्ताच्या कमतरतेकडे बोट दाखवतो. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण मधली शीर धरून पानाच्या दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. जस्त कमी पडले तर पिवळेपणा दोन्हीकडे सारखाच उतरतो. शिरेच्या एका अंगाला हिरवा डाग आणि नेमक्या त्याच जागी दुसऱ्या अंगाला पिवळा, असे बेमेळ चट्टे दिसले तर संशय ग्रीनिंग रोगाचा. अशा झाडाची फळे लहान, वाकडी, कडवट राहतात. एरवी फळाला रंग खालच्या टोकाकडून चढतो. इथे तो देठाकडून चढतो आणि बूड हिरवेच राहते.

रोग पसरवणारा सिट्रस सायला हा कीटक जेमतेम तीन मिलिमीटरचा. डोके पानाला टेकवून, मागचा भाग वर उचलून बसण्याच्या ढबीवरून तो ओळखता येतो. अंडी घालतो ती फक्त कोवळ्या नवतीवर. तोच ग्रीनिंगचा वाहक आहे, हे भारतात १९६७ मध्ये पुण्यात काम करणाऱ्या एस. पी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. रोगाचे मूळ विषाणूत असावे, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात निघाला जिवाणू, झाडाच्या रसवाहिन्यांत दडून राहणारा.

पण खरे गूढ पुढेच आहे. रसवाहिन्या पार बुजवून टाकण्याइतके हे जिवाणू संख्येने भरत नाहीत. मग अन्नाची वाट बंद होते कशी? ती झाडच बंद करते. शत्रूची चाहूल लागताच रसवाहिन्यांतल्या चाळणीसारख्या पडद्यांवर ते कॅलोज नावाच्या पदार्थाचा थर चढवते, प्रथिनांची बुचे बसवते. पानात तयार झालेली साखर खाली उतरत नाही, तिथेच पिष्ट होऊन साठते. म्हणून रोगट पाने जाड आणि ठिसूळ लागतात. इकडे मुळांची उपासमार होते. पानांवर काही दिसण्याआधीच तंतुमुळे झडू लागलेली असतात.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या न्यान वांग यांच्या गटाने २०२२ मध्ये यापुढचा दुवा मांडला. जिवाणूला प्रत्युत्तर म्हणून झाड ऑक्सिजनची दाहक संयुगे तयार करते, ती सतत बनत राहतात आणि त्यांत रसवाहिन्यांच्या पेशीच मरतात. जिब्रेलिन हे संप्रेरक आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये दिल्यावर ही हानी कमी झाली. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण एवढी वर्षे सगळे लक्ष जिवाणू आणि सायला मारण्यावरच होते. झाडाला सावरायचे कसे, हा प्रश्न या शोधामुळे पुढे आला.

झाडाची आणखी एक प्रतिक्रिया त्याच्यावरच उलटते. रोगट झाड मिथाइल सॅलिसिलेट हवेत सोडते. दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा तो ओळखीचा वास. त्या वासाने सायला ओढला जातो, पण इथला रस निकस, म्हणून थोड्या वेळाने शेजारच्या निरोगी झाडाकडे वळतो. वळताना जिवाणू बरोबर असतो.

याची किंमत फ्लोरिडाने मोजली. आपल्या मोसंबीच्या जातकुळीतल्या फळांचा तिथला हंगाम २००३-०४ मध्ये २४ कोटी पेट्यांवर होता. २००५ मध्ये रोग सापडला. २०२२-२३ मध्ये पेट्या उरल्या दीड कोटीच्या आसपास. मधल्या चक्रीवादळांचाही त्यात हात आहे, पण अलीकडच्या वादळांच्या आधीच बागा खचलेल्या होत्या. तिथे आता खोडात ऑक्सिटेट्रासायक्लिनची इंजेक्शने देतात.

तरीही काही झाडे तग धरतात. ‘शुगर बेल’ या वाणात जिवाणू असतो, रसवाहिन्याही मरतात, पण हे झाड नव्या रसवाहिन्या भराभर तयार करते आणि फळ देत राहते. नवे वाण शोधणाऱ्यांची नजर आता या गुणावर आहे.

आपल्याकडे शेंदूरजनाघाटसारख्या गावांतून लाखांनी कलमे बाहेर पडतात, आणि रोग कलमासाठी घेतलेल्या डोळ्यातूनही जातो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. म्हणून ज्या मातृवृक्षाचा डोळा घेतला त्याची जिवाणू ओळखणारी पीसीआर चाचणी झाली आहे का, हे कलमे घेतानाच विचारावे. बागेच्या बांधावरची शोभेची कुंती आणि परसातला कढीपत्ता यांच्या कोवळ्या शेंड्यांवरही सायला वाढतो. बागेवर नवती फुटली, की तेही तपासावेत.