बाप कोण, हे ठरतं कसं?

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात तुम्ही पहिल्यांदाच रक्त देता. कार्ड हातात पडतं, रक्तगट ‘ए’. घरी येऊन सहज आई-बाबांचे जुने रिपोर्ट बघता, तर आई ‘ओ’ आणि बाबा ‘बी’. बारावीच्या बायोलॉजीतला तक्ता आठवतो आणि पोटात गोळा येतो. ‘ओ’ आणि ‘बी’ला ‘ए’ मूल होईलच कसं?

थांबा! लगेच पिक्चरच्या सीनमध्ये शिरू नका. आधी सगळ्यांचे रक्तगट पुन्हा तपासून घ्या. घाईगर्दीत कार्डावर चूक होऊ शकते. दुसरं कारण दुर्मीळ आहे, पण आपल्या मुंबईचंच आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ शोधला. या गटाच्या माणसात ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक असूनही नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’च दिसतो. म्हणजे आईचा ‘ओ’ हा खरा ‘ओ’ नसेलही!

मुद्दा काय, तर रक्तगट फार तर ‘हे वडील नसावेत’ एवढी शंका काढू शकतो. ‘हेच वडील’ हे सांगणं त्याच्या आवाक्यात नाही, कारण तोच गट कोट्यवधी पुरुषांचा असतो.

मग डीएनए काय करतो?

तुमच्या पेशीतल्या 46 गुणसूत्रांपैकी 23 आईकडून येतात आणि 23 वडिलांकडून. डीएनएमध्ये काही ठरावीक जागी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक बदलतं. समजा, एका जागी तुमचे आकडे 12 आणि 15 आहेत, आईचे 12 आणि 14. म्हणजे 12 आईकडून आला. मग 15 वडिलांकडूनच यायला हवा. समोरच्या पुरुषाकडे 15 आहे का, एवढंच बघायचं.

एका जागी आकडा जुळणं हा योगायोग असू शकतो. म्हणून अशा पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त जागा तपासतात. अनेक जागी जुळलं नाही, तर तो पुरुष वडील नाही. एखाद्याच जागी फरक पडला, तर मात्र लगेच निकाल देत नाहीत, तो नव्याने झालेला बदलही असू शकतो. सगळीकडे जुळलं, तर शक्यता 99.99 टक्क्यांच्या वर जाते. पूर्ण 100 कधीच लिहीत नाहीत, कारण हे शक्यतेचं गणित आहे. आणि हो, त्या पुरुषाला हुबेहूब जुळा भाऊ असेल, तर तोही जुळेल!

नमुना घेणं सोपं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं.

‘मी त्यांचाच मुलगा’

अवघड असतं ते नमुना मिळवणं. 2008 मध्ये रोहित शेखर या तरुणाने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, की उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारी आपले वडील आहेत. तिवारींनी रक्त द्यायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर मे 2012 मध्ये डेहराडूनला, 86 वर्षांच्या तिवारींच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. जुलैमध्ये कोर्टात लिफाफा उघडला आणि रोहितचं म्हणणं खरं निघालं. तिवारींनी त्याला मुलगा म्हणून जाहीरपणे स्वीकारलं, ते मात्र 2014 मध्ये. रिपोर्टनंतरही दीड वर्षाहून जास्त काळ गेला.

संशय आला म्हणून टेस्ट?

तसं नाही चालत. लग्नाच्या नात्यात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं आपला कायदा धरून चालतो. 1872 च्या पुरावा कायद्यातलं हे तत्त्व 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए रिपोर्ट या गृहीतकापेक्षा मोठा मानला. पण 2023 मध्ये, नवरा-बायकोच्या घटस्फोटाच्या भांडणात मुलाची चाचणी करायला त्याच न्यायालयाने नकार दिला. रिपोर्ट काहीही आला, तरी त्याचं ओझं वाहणार ते मूल, ज्याला कुणी विचारलेलंही नसतं.

म्हणून कुणाचा टूथब्रश गुपचूप उचलून लॅबला पाठवायचा विचार आलाच, तर सोडून द्या. नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला, याची नोंद नसेल तर तो रिपोर्ट कोर्टात टिकणं कठीण. घरात मात्र त्याने झालेली जखम भरून येईलच असं नाही.

आणि ते रक्तगटाचं कार्ड? उद्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा तपासून या. बाबांना घेऊन गेलात तरी चालेल. त्यांचाही रिपोर्ट जुनाच आहे ना!