आधी निर्णय, मग प्रश्नावली
बाजार-संशोधनाचा आराखडा निवडताना होणारे गैरसमज

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारा रस्ता जांबोटी आणि कणकुंबीवरून जातो. कणकुंबी हे खानापूर तालुक्यातलं मलप्रभेच्या उगमाचं गाव, तुफान पावसाचं. समजा, इथल्या एका महिला बचत गटाला रस्त्यालगत मध आणि कोकम आगळ विकायचं आहे. बाटली केवढी, भाव किती, गिऱ्हाईक कोण? ‘एक सर्व्हे करून टाकू,’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोणती माहिती, कुणाकडून, कधी आणि कशी घ्यायची याची आधी केलेली मांडणी म्हणजे संशोधन आराखडा. त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज 1 : बाजार-संशोधन म्हणजे प्रश्नावली भरून घेणं.

वस्तुस्थिती : प्रश्नावली हे साधन आहे, आराखडा नव्हे. आराखडे मुख्यतः तीन प्रकारचे. अडचण नेमकी काय तेच कळत नसेल, तर अन्वेषणात्मक : दहा-पंधरा गिऱ्हाइकांशी, दुकानदारांशी मोकळेपणी बोलणं, हाती असलेली आकडेवारी चाळणं. ‘कोण, किती, कुठे’ हे मोजायचं असेल, तर वर्णनात्मक. पाहणी इथे कामी येते. ‘हे केल्याने ते होतं का’ असा प्रश्न असेल, तर कार्यकारण शोधणारा, म्हणजे प्रयोग. बाटली कुणी का घेत नाही याचा अंदाजच नसताना प्रश्नावली छापली, तर तिच्यात आपल्याला सुचलेलीच कारणं येतात. खरं कारण पर्यायांत नसेल, तर ते उत्तरातही येणार नाही.

गैरसमज 2 : जितकी जास्त माणसं, तितकं उत्तर खरं.

वस्तुस्थिती : 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कौल घेण्यासाठी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, 24 लाखांच्या आसपास परत आल्या. भाकीत होतं, रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीतही बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे सारख्या मताचे नव्हते. मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलेल्या 400 जणांच्या पाहणीत टक्केवारीची चूक साधारण 5 टक्के अंकांच्या आत राहते. ती निम्मी करायची, तर 1,600 माणसं लागतात. मात्र फक्त रविवारी, गोव्याच्या गाड्या थांबवून विचारलं, तर आकडा कितीही वाढवा, बेळगावचं गिऱ्हाईक सुटतंच. भाषेचंही तसंच. या रस्त्यावर मराठी, कोंकणी आणि कन्नड बोलणारे सगळे येतात. एकाच भाषेतली प्रश्नावली बाकीच्यांना न सांगता वगळते.

गैरसमज 3 : बदल केल्यावर विक्री हलली, म्हणजे ती बदलामुळेच.

वस्तुस्थिती : मे महिन्यात नवं लेबल लावलं आणि जूनमध्ये आगळाची विक्री पडली. दोष लेबलचा की उन्हाळा सरल्याचा? मधे सुट्ट्या संपल्या, पाऊस लागला, घाटातली वर्दळ बदलली. ‘आधी आणि नंतर’ एवढीच तुलना यात फरक करू शकत नाही. त्यापेक्षा एकाच काळात काही दुकानांत जुनं, काहींत नवं लेबल ठेवावं. कुठे कोणतं, ते चिठ्ठी टाकून ठरवावं. दुकान एकच असेल, तर दिवस चिठ्ठीने वाटावेत. भाव आणि मांडणी मात्र तीच हवी.

गैरसमज 4 : गिऱ्हाइकाला विचारलं की तो काय घेईल ते कळतं.

वस्तुस्थिती : 1985 मध्ये कोकाकोलाने सुमारे 2 लाख चव-चाचण्यांनंतर नवा कोक आणला. चाचण्यांत नवी चव सरस ठरली होती. पण जुना कोक कायमचा बंद झाला तर लोकांना काय वाटेल, हे त्यात नीट तपासलंच गेलं नव्हतं. लोक भडकले आणि तीन महिन्यांच्या आत जुना कोक परतला. चव आवडणं आणि पैसे मोजणं या दोन गोष्टी आहेत. ‘250 रुपयांना घ्याल का?’ याला ‘हो’ म्हणायला काही पडत नाही. दोन भाव लावून खरी विक्री पाहणं जास्त भरवशाचं.

गैरसमज 5 : बाजार-संशोधन हा मोठ्या कंपन्यांचा खेळ.

वस्तुस्थिती : 1930 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1933 मध्येच पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या लेखकांत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. विषय साधा होता, रोजच्या मंडईतला. बचत गटालाही रोजची विक्री वहीत मांडणं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि चिठ्ठीने दिवस वाटणं सहज जमेल.

म्हणून प्रश्नावली छापण्याआधी एका कागदावर लिहा : उत्तर ‘हो’ आलं तर काय करणार, ‘नाही’ आलं तर काय करणार? दोन्हीकडे कृती एकच असेल, तर ती पाहणी करू नका. तो पैसा बाटल्यांवर खर्च करा.